विडी ओढणाऱ्याला इशारा, वळणारीला काय?

फर्स्ट इयरला अॅडमिशन घेताना फॉर्मवर एक रकाना होता, ‘आईचा व्यवसाय’. मी पटकन ‘गृहिणी’ लिहून मोकळी झाले. तसं ते खोटं नव्हतं. आम्ही सोलापूरचे पद्मशाली, घरी तेलुगू बोलतो, त्यामुळे आमच्याकडे आई नाही, अम्मा. तर माझी अम्मा दिवसभर घरातच असते. फक्त घरात बसून ती रोज आठशे ते हजार विड्या वळते. हे त्या रकान्यात लिहिण्याची मला लाज वाटली, असं आज सरळ कबूल करते.

पुढे दोनच महिन्यांनी स्कॉलरशिपचा फॉर्म आला. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारच्या कामगार कल्याण योजनेतून शिष्यवृत्ती मिळते. प्राथमिक शाळेसाठी वर्षाला १,००० रुपये, तर आपल्यासारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी २५,००० रुपयांपर्यंत. तिथे मात्र अम्माच्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडून ‘विडी कामगार’ असंच लिहावं लागलं. एकाच वर्षात, एकाच कॉलेजात, एकाच बाईचे दोन व्यवसाय!

मित्र-मैत्रिणींनो, हा लेख त्या दुसऱ्या व्यवसायाबद्दल आहे. तंबाखू वाईट हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. होस्टेलच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहणाऱ्यांनाही ठाऊक आहे! पण ते ‘वाईट’ आपण नेहमी ओढणाऱ्याच्या बाजूने मोजतो. विडीच्या बंडलवर २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार चित्रासह इशारा छापावा लागतो आणि एप्रिल २०१६ पासून तो पाकिटाच्या ८५ टक्के भागावर असावा असा नियम आहे. अम्मा कारखान्याच्या शाखेतून जी तंबाखूची पिशवी आणते, तिच्यावर काहीही छापलेलं नसतं. आपल्या केमिस्ट्री लॅबमध्ये साध्या पातळ अॅसिडच्या बाटलीलाही धोक्याची खूण असते. इथे मात्र खुणेशिवायच माल घरात येतो आणि स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी ठेवला जातो.

विडी होते कशी?

रत्नागिरीत विडी कारखाने नाहीत, म्हणून थोडं सुरुवातीपासून सांगते. विडीचं पान म्हणजे तेंदूचं, आपल्याकडे ज्याला टेंभुर्णी म्हणतात त्या झाडाचं. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर आणि मध्य प्रदेश, ओडिशाच्या जंगलांत ते उन्हाळ्यात तोडतात. विडीची तंबाखू प्रामुख्याने निपाणी भागातून आणि गुजरातेतून येते. कारखानदार बायकांना पानं, तंबाखू आणि दोरा वजनावर, मोजून देतो. बाई ते घरी आणते. पानं पाण्यात भिजवून मऊ करते, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने आयताकार कापते. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पानात चिमूटभर तंबाखू पसरायची, पान दोन्ही हातांच्या बोटांत वळायचं, एक टोक दुमडून बंद करायचं, दोरा बांधायचा. झाली एक विडी. अशा पंचवीस विड्यांची एक जुडी. दुसऱ्या दिवशी माल शाखेत नेऊन द्यायचा. तिथे तपासणारा वाकड्या, सैल, फाटक्या विड्या बाजूला काढतो. ती ‘छाट’. छाटेचे पैसे मिळत नाहीत.

मजुरी हजार विड्यांच्या दराने. आता आपला हिशेब करू. दहा तास म्हणजे ३६,००० सेकंद. त्यात हजार विड्या. म्हणजे एका विडीला ३६ सेकंद, आणि त्यातच पान भिजवणं, कापणं, जुड्या बांधणं आलं. मध्ये दूध उतू गेलं, कुणी दार वाजवलं, की तेवढा वेळ रात्री भरून काढायचा.

हे काम करणाऱ्या किती जणी? केंद्र सरकारकडे नोंद असलेले विडी कामगार देशात ५० लाखांच्या आसपास आहेत आणि त्यात बहुसंख्य बायका. आपल्या राज्यात सोलापूर, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), संगमनेर, सिन्नर ही या धंद्याची जुनी ठिकाणं. सोलापूरच्या पूर्व भागात पुरुष यंत्रमागावर आणि बायका विड्यांवर, अशी घरं गल्लोगल्ली सापडतील.

हातावाटे शिरणारं निकोटिन

अम्माने आयुष्यात एकही विडी ओढलेली नाही. तरी तिच्या शरीरात निकोटिन जातं. कसं, ते पाहू.

निकोटिन हे अल्कलॉइड, म्हणजे बेस आहे. पाण्यात विरघळतं आणि चरबीतही. आपली त्वचा पाणी अडवते, पण चरबीत विरघळणारा छोटा रेणू तिच्यातून हळूहळू आत सरकू शकतो. याच गुणाचा उपयोग करून सिगारेट सोडवण्याचे निकोटिन पॅच बनवले आहेत. पॅच दंडावर चिकटवला की औषध रक्तात जातं. विडी वळणारीचे हात ओल्या पानांमुळे दिवसभर दमट असतात, उन्हाळ्यात घामाने ओले असतात आणि बोटांना बारीक चिरा पडलेल्या असतात. शुद्ध निकोटिन त्वचेला लागलं तरी प्राणघातक ठरू शकतं, असं रसायनांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात नोंदवलेलं आहे. तंबाखूच्या चुऱ्यात ते अर्थातच खूप कमी असतं, पण संपर्क रोजचा आणि तासन् तासांचा असतो.

किती कमी? ढोबळ अंदाज करू. हजार विड्यांना साधारण पाव किलोच्या आसपास तंबाखू लागते. विडीच्या तंबाखूत दर ग्रॅममागे २० मिलिग्रॅमच्या आसपास निकोटिन धरलं, तर दिवसाला ५,००० मिलिग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅम निकोटिन त्या दोन हातांखालून जातं. सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात एका सिगारेटमागे साधारण १ मिलिग्रॅम शिरतं. म्हणजे त्या ५ ग्रॅममधला हजारावा भाग जरी त्वचेतून, श्वासातून किंवा न धुतलेल्या हाताच्या घासातून आत गेला, तर पाच सिगारेटी झाल्या. हजारावा भाग हे माझं गृहीतक आहे, मोजमाप नव्हे. पण प्रश्न किती मोठा असू शकतो याचा अंदाज त्यातून यावा.

मोजमापही झालेलं आहे. निकोटिनचं शरीरात ‘कोटिनिन’ होतं आणि ते लघवीत सापडतं. निकोटिन रक्तातून दोनेक तासांत निम्मं होतं, कोटिनिन मात्र पंधरा-वीस तास टिकतं, म्हणून ते पुरावा म्हणून उपयोगी. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात विडी उद्योगातल्या कामगारांचे नमुने तपासले. कामातून तंबाखूचा संपर्क येणाऱ्यांच्या लघवीत कोटिनिन वाढलेलं दिसलं. तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांच्या रक्तपेशींत गुणसूत्रांचे बिघाडही जास्त आढळले. याचा अर्थ प्रत्येकीला कॅन्सर होणार असा मुळीच नाही. पण ‘आम्ही ओढत नाही, आम्हाला काय होणार’ हा दिलासा खरा नाही, एवढं त्यातून नक्की सिद्ध होतं.

या कामात नवीन आलेल्या मुलींना मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते. जुन्या बायका म्हणतात, ‘सवय होईल.’ सवय होते म्हणजे काय होतं? शरीर निकोटिनला सरावतं. त्रास जाणवणं थांबतं, निकोटिन आत जाणं थांबत नाही. गरोदर बाईच्या बाबतीत तर प्रश्न दुहेरी. निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि पुढे अंगावरच्या दुधातही उतरतं.

कोकणात विडी नसली तरी मशेरी आहे. तव्यावर तंबाखू भाजताना उठणारा तो ठसका तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी आजीच्या घरी घेतला असेल. तीही घरात, चुलीजवळ, नातवंडांच्या देखत. तेव्हा हा प्रश्न फक्त घाटावरचा आहे असं समजू नका.

पंखा बंद ठेवायचा धंदा

दुसरा धोका धुळीचा. तंबाखूचा चुरा चाळताना, सुपात हलवताना बारीक कण उडतात. मोठे कण नाकातच अडकतात, शिंका येतात. दहा मायक्रॉनच्या खालचे कण घशाच्या पुढे जातात आणि त्याहून बारीक कण थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत. खोकला, दम लागणं, डोळे चुरचुरणं या तक्रारी विडी कामगारांच्या वस्तीत कुठल्याही दवाखान्यात ऐकायला मिळतील.

हवा खेळती ठेवा, हा यावरचा पुस्तकी उपाय. पण पंखा लावला की सुपातली तंबाखू उडते! म्हणून सोलापूरच्या मे महिन्यात, पारा त्रेचाळीसच्या पुढे असताना आमच्या घरात पंखा बंद असतो. खिडकी अर्धी लोटलेली, कारण वारा नको. उजेडासाठी अम्मा दाराच्या तोंडाशी बसते. रात्री माल बांधून झाला की खोली झाडते. कोरड्या केरसुणीने झाडलं की दिवसभर खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत, आणि मग त्याच खोलीत आम्ही चौघं अंथरुणं टाकतो. मला बारावीपर्यंत दर हिवाळ्यात खोकला असायचा. रत्नागिरीला आल्यावर तो गेला. मी समजत होते की समुद्राची हवा मानवली!

मान आणि मोमेंट

मेकॅनिकलवाल्यांसाठी खास. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. मान सरळ असली की तो भार मणक्यावरून खाली उतरतो. मांडी घालून सुपाकडे पाहायला मान वाकवली की डोक्याचा गुरुत्वमध्य समोर सरकतो. तो आडव्या रेषेत १२ सेंटिमीटर पुढे गेला असं धरा. त्याला तोलणारे मानेमागचे स्नायू टेकूपासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर. मोमेंट बरोबर करून पाहा : ५ × १२ भागिले ५, म्हणजे १२ किलो. बारा किलोचा सिलिंडर नाही, पण तेवढी ओढ दिवसाचे आठ-दहा तास मानेच्या स्नायूंवर. आपण सबमिशनच्या रात्री चार तास शीटवर वाकलो तर दुसऱ्या दिवशी मान धरते. अम्माचं सबमिशन रोज असतं.

त्यात मांडी घातल्यामुळे गुडघे पूर्ण दुमडलेले, पाठ गोल, खांदे पुढे आणि बोटांची तीच ती हालचाल. हजार विड्या रोज, वर्षाचे तीनशे दिवस, वीस वर्षं. ६० लाख विड्या होतात.

अंगठा उमटत नाही

हे साठ लाख कुठे नोंदले जातात, ते मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कळलं. रेशन दुकानात अम्माने मशीनवर अंगठा ठेवला. जुळला नाही. दुसरा अंगठा. नाही. तर्जनी, मधलं बोट... मागे रांग वाढत होती. दुकानदार म्हणाला, ‘मावशी, हात पुसून ठेवा नीट.’ अम्माने साडीला हात पुसले. पुन्हा नाही. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीवर मशीनने होकार दिला.

फिंगरप्रिंट स्कॅनर काय करतो हे आपल्यापैकी काही जणांनी सेमिनारमध्ये मांडलं असेल. बोटावरच्या उंचवट्यांच्या रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात ते बिंदू तो टिपतो आणि साठवलेल्या नमुन्याशी ताडून पाहतो. विडी वळताना पान अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात घासत फिरतं. साठ लाख वेळा. त्या रेषा झिजून गुळगुळीत होतात. गंमत अशी की रेषांचा मूळ साचा त्वचेच्या खालच्या थरात असतो. काम काही दिवस थांबलं की त्या हळूहळू परत वर येतात. म्हणजे काम बंद ठेवलं तर सरकारदरबारी ओळख पटते, आणि काम केलं तर पटत नाही!

सुट्टीवरून परत आल्यावर ही हकीकत मी आमच्या मेसमधल्या मावशींना सांगितली. त्यांनी भाकरी थापायचं थांबवून आपला हात माझ्यासमोर धरला. ‘माझा पण नाय उमटत गो. काजूत होते ना बारा वर्षं.’ काजूच्या टरफलातल्या तेलात कातडी जाळणारी रसायनं असतात. काजू फोडणाऱ्या बायका हाताला तेल नाहीतर राख लावून बसतात, तरी बोटं काळी पडतात, सालं निघतात. अडीच वर्षं मी त्या हातची भाकरी खात होते. तो हात मी पाहिला नव्हता.

(एक कामाची माहिती : आधार केंद्रावर कुठल्या बोटाचा ठसा सर्वांत चांगला जुळतो हे तपासून मिळतं. डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. घरी कुणाला अडचण असेल तर एकदा तपासून घ्या. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आता आहे.)

घर म्हणजेच कारखाना

आता मुद्द्याचं. सेफ्टी इंजिनीअरिंगमध्ये धोका कमी करण्याच्या पायऱ्या शिकवतात. आधी धोकादायक वस्तूच काढून टाका. ते जमत नसेल तर तिच्या जागी दुसरी आणा. तेही नसेल तर यंत्ररचनेने धोका माणसापासून तोडा. मग कामाच्या वेळा, पद्धती बदला. आणि सर्वांत शेवटी मास्क, हातमोजे.

या पायऱ्या घराला लावून पाहा. तंबाखू काढून टाकली तर विडीच नाही. एक्झॉस्ट बसवायला स्वतंत्र खोली नाही. कामाची वेळ ठरवायला साहेब नाही, आहे तो हजारचा दर. हातमोजे घालून पान वळता येत नाही, बोटाला तंबाखूचा अंदाज लागत नाही, छाट वाढते. मास्क लावून बंद पंख्याखाली दहा तास बसता येत नाही. एकही पायरी लागू पडत नाही, कारण या सगळ्या पायऱ्या ‘कामाची जागा’ आणि ‘राहायची जागा’ वेगळी आहे असं धरून लिहिल्या आहेत. कारखान्यातला कामगार सुटी झाली की धोक्यापासून घरी जातो. अम्माने कुठे जायचं?

कायद्याचंही तसंच झालं. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. स्वच्छता, हवा, गर्दी, पाळणाघर याबद्दल त्यात चांगली कलमं होती, पण ती कारखान्याच्या जागेसाठी. घरी काम करणारीला कामगार मानलं गेलं, तिचं घर मात्र कामाची जागा ठरलं नाही. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. १९७६ मध्ये विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभा केला होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर बंद झाला.

बायकांना जे मिळालं ते भांडूनच मिळालं. घरी विड्या वळणाऱ्यांना प्रॉव्हिडंट फंड द्यायचा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ‘त्या आमच्या कामगारच नाहीत, घरी बसून आपल्या मर्जीने काम करतात’ असं मालकांचं म्हणणं. न्यायालयाने १९८५ मध्ये ते फेटाळलं. विड्या तपासून नाकारण्याचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजे कामावर नियंत्रण त्याचंच, असा तर्क होता. ज्या छाटेमुळे मजुरी कापली जाते, त्याच छाटेने त्या कामगार असल्याचं सिद्ध केलं!

घरांचंही तसंच. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी १० हजार घरांची वसाहत आहे, गोदूताई परुळेकर यांच्या नावाची. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यातून ती उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं बायकांच्या हाती आली. माझी मावशी तिथे राहते. स्वतःच्या नावाचं पक्कं घर ही केवढी मोठी गोष्ट, हे भाड्याच्या खोलीत वाढलेल्या मला विचारा. पण त्या नव्या घरातही सूप मांडीवरच आहे. घर मिळालं, काम करायला वेगळी जागा मिळाली नाही.

शेजारी निपाणीत तंबाखूच्या वखारी. तिथल्या बायका एका छपराखाली बसून तंबाखू कुटायच्या, चाळायच्या. धूळ भयंकर, पण सगळ्या एकत्र. १९८० च्या सुमारास त्यांनी संघटना बांधली आणि युगांतर नावाच्या गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपटही केला. घरात एकटीने बसलेल्या बाईला शेजारणीचा खोकलाही भिंतीपलीकडून ऐकावा लागतो.

मग करायचं काय?

‘हा धंदाच बंद करा’ असं म्हणणं सोपं आहे. मीही म्हणाले होते. अम्मा म्हणाली, ‘कर बंद. तुझी मेस कशी भरायची ते आधी सांग.’ भारताने २००४ मध्ये मान्य केलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारात याची जाणीव आहे. त्याचं १७ वं कलम तंबाखूवर पोट असणाऱ्यांना पर्यायी रोजगार देण्याबद्दल आहे आणि १८ वं त्यांच्या आरोग्याच्या रक्षणाबद्दल. पर्याय अशक्य नाही. केरळात कण्णूरला १९६९ मध्ये विडी कामगारांनी ‘दिनेश’ ही सहकारी संस्था काढली. विडीचा खप उतरणार हे ओळखून १९९० च्या दशकापासून ती खाद्यपदार्थ, छत्र्या अशा उत्पादनांकडे वळली. म्हणजे आधी दुसरं काम, मग विडी बंद. क्रम उलटा केला तर उपाशी राहतात त्या बायकाच.

तोपर्यंत घरात जे जमतं ते :
तंबाखू झाकणाच्या डब्यात, स्वयंपाक आणि अंथरुणांपासून लांब ठेवावी. खाण्याआधी आणि बाळाला घेण्याआधी हात साबणाने धुवावेत. खोली कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. कामाची साडी वेगळी ठेवून झोपताना बदलावी. तासाभराने दोन मिनिटं उठून मान-खांदे मोकळे करावेत. लहान मुलांना सुपाजवळ बसवू नये, गरोदरपणात तर बाईनेच दूर राहावं. यातला शेवटचा सल्ला लिहितानाच मला माहीत आहे की तो पाळणं पैशाअभावी सर्वांत अवघड आहे.

आणि एक प्रयोग. फर्स्ट इयरनंतर माझा ड्रॉइंग बोर्ड कपाटामागे पडून होता. उन्हाळ्यात तो एसटीने सोलापूरला नेला. आंबा घाटात कंडक्टरने दोनदा विचारलं, ‘ताई, हे दार कुठल्या घराचं?’ घरी दोन्ही बाजूंना विटा लावून बोर्ड अम्माच्या मांडीवरून थोडा तिरपा मांडला आणि सूप त्यावर ठेवलं. सूप वर आलं, मान तेवढी कमी वाकली. तीन दिवस तिने माझ्या समाधानासाठी वापरला, चौथ्या दिवशी बाजूला ठेवला. विचारलं तर म्हणाली, ‘सूप घसरतं. शंभर विड्या कमी होतात.’ मी कडेला लाकडी पट्टी ठोकली, उतार कमी केला. आता ती वापरते. शेजारच्या अक्कांनी ‘आम्हालाही करून दे’ म्हणून मागणी केली आहे.

त्यावरून फायनल इयरच्या प्रोजेक्टवाल्यांना एक विनंती. सुपाखाली जाळी, त्याखाली संगणकात असतो तसा छोटा पंखा आणि कापडी फिल्टर, म्हणजे धूळ नाकाकडे न येता खाली ओढली जाईल, असं काही बनवता येईल का? अटी सांगते : किंमत अम्माच्या आठवड्याच्या मजुरीपेक्षा कमी, वीज एका बल्बइतकी, तंबाखू उडता कामा नये आणि वेग हजारावर एकही विडी कमी होता कामा नये. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. ती मोडली तर तुमचं यंत्र कितीही छान असो, चौथ्या दिवशी बाजूला पडेल. प्रयोगासाठी घर आणि पारखायला अम्मा, दोन्ही माझ्याकडून.

जाता जाता एवढंच. या वर्षीच्या अॅडमिशनच्या फॉर्मवर तोच रकाना पुन्हा आला, ‘आईचा व्यवसाय’. या वेळी लिहिलं, ‘विडी कामगार (घरी)’. खिडकीतल्या क्लार्क मॅडमनी वाचलं, वर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हाताला त्रास होत असेल ना गं त्यांच्या?’

तीन वर्षांत या कॉलेजात अम्माबद्दल कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी आधी लिहिलं असतं, तर कदाचित आधीच कुणी विचारला असता.

— तृतीय वर्ष, केमिकल
(मुलींचे वसतिगृह)